विचारा की! : ग्लासात पाणी चढतं ते नेमकं कशामुळे?

प्रश्न : ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती आणि वरून काचेचा ग्लास पालथा, हा प्रयोग मुलीने घरी केला. मेणबत्ती विझली, पाणी आत चढलं. ऑक्सिजन जळून संपला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं असं तिला क्लासमधे सांगितलंय. पण तिने दोन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्तच चढलं! ग्लास तोच, मग ऑक्सिजन वाढला कुठून?
– एक पालक, नाशिकरोड

उत्तर : मुलगी बरोब्बर ठिकाणी अडलीये, तिला शाबासकी द्या. ऑक्सिजनवालं उत्तर वर्षानुवर्षं चाललंय कारण हवेत तो साधारण 21 टक्के असतो आणि पाणीही कधीकधी तेवढंच चढतं, झालं, सगळे खूश. पण मेण जळताना ऑक्सिजन नुसता गायब होत नाही, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, आणि ज्योत तर बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते.

खरा खेळ उष्णतेचा. ग्लास पालथा घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, थोडी बाहेरही पडते, नीट बघा, कडेने बुडबुडे येतात कधीकधी. ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आक्रसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा ताटलीतलं पाणी आत ढकलते. दोन मेणबत्त्या म्हणजे जास्त तापलेली हवा, म्हणून पाणी जास्त. आणि पाणी चढतं कधी ते बघायला सांगा तिला. ऑक्सिजनमुळे असतं तर जळतानाच हळूहळू चढलं असतं ना? ते तर मुख्यतः विझल्यावर झपकन चढतं.

तरी पटलं नाही तर मेणबत्तीच नको. स्टीलचा पेला कढत पाण्याने विसळा (काचेचा नको, तडकेल, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं), लगेच ताटलीत पालथा घाला आणि वरून गार पाणी सोडलेलं ओलं फडकं टाका. पाण्यात आधी दोन थेंब नीळ घातली तर ताटलीतलं पाणी कमी होताना छान दिसतं.

प्रश्न : सोड्यात बेदाणे वर-खाली का नाचतात?
– पंचवटीहून

उत्तर : सुरकुत्यांमधे गॅसचे बुडबुडे चिकटतात, बेदाणा वर येतो, वर बुडबुडे फुटले की परत खाली. सोडा ताजा हवा, उघडून ठेवलेला चालत नाही. आपल्याकडे द्राक्षांचा सीझन आला की अजून एक करा : साध्या पाण्यात द्राक्ष बुडतं, मग मीठ विरघळवत राहा, एका टप्प्यावर ते आपोआप वर येतं, किती चमचे लागले ते मुलांना मोजू दे.