वाचकांचे प्रश्न : कोकण एक की अनेक?

प्रश्न : माझे माहेर राजापूर तालुक्यातले आणि सासर कोल्हापूरचे. सासरची मंडळी म्हणतात की कोकण हा पहिल्यापासून निराळा मुलूख असून त्याचा घाटावरच्या राजकारणाशी फारसा संबंध नव्हता. माहेरची मंडळी पालघरपासून सावंतवाडीपर्यंतचे कोकण एकच मानतात. कोकण हा खरोखर कधी एक प्रांत होता का?
– एक वाचक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही घरांना थोडे नाराज करावे लागेल. आज आपण कोकण म्हणतो तो एवढा आणि इतकाच पट्टा एका सत्तेखाली स्वतंत्र प्रांत म्हणून क्वचितच आणि तोही अल्पकाळ राहिला आहे. त्याच वेळी घाटावरच्या सत्तांशी त्याचा संबंध इतका जवळचा आहे की एकाला वगळून दुसऱ्याचा इतिहास लिहिताच येत नाही.

शिलाहारांपासून पाहू. त्यांची एक शाखा ठाण्याहून उत्तर कोकणावर राज्य करीत होती आणि दुसरी दक्षिण कोकणात होती. या दुसऱ्या शाखेतील रट्टराजाचा शके ९३० म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. तिसरी शाखा आपली, कऱ्हाड, कोल्हापूर आणि पन्हाळा यांच्या परिसरातली. ही तिसरी शाखा समुद्रापासून दूर असली तरी तिच्यातील विजयादित्याने ठाणे आणि गोवे येथील पदच्युत राजांना पुन्हा गादीवर बसविल्याचा उल्लेख या घराण्याच्या लेखांत आहे. राजप्रशस्तीतील अतिशयोक्ती वजा केली, तरी बाराव्या शतकात पन्हाळ्याच्या राजाला किनारपट्टी परकी वाटत नव्हती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याचे कारण भूगोलात आहे. कोकणच्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडे अंतर वाहून खाडीला मिळतात. पूल आणि यंत्राच्या बोटी येण्यापूर्वी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या माणसाला दर टप्प्यावर तरीची वाट पाहावी लागे. बैलांच्या तांड्याला मात्र खाडीच्या माथ्यावरून सरळ घाट चढता येई. त्यामुळे प्रत्येक बंदराची जोडी वरच्या एखाद्या पेठेशी जुळली. कल्याण आणि सोपारा यांचा माल नाणेघाटाने जुन्नरला जाई, आणि त्या घाटात सातवाहन काळातील लेण्याजवळ दगडात कोरलेला रांजण आजही दाखविला जातो. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. दाभोळ आणि चिपळूण यांना कुंभार्ली घाटाने कऱ्हाड जवळ होते, वेंगुर्ल्याला रामघाटाने बेळगाव. आपल्या माहेरच्या राजापूरहून अणुस्कुऱ्याचा घाट चढला की मलकापूरमार्गे कोल्हापूर येते. म्हणजे राजापूरचे शेजारपण अलिबागपेक्षा कोल्हापूरशी अधिक होते.

या शेजारपणाचे सर्वांत ठळक उदाहरण १६६० सालचे आहे. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपल्या तोफा आणि दारूगोळा घेऊन घाट चढून आले आणि त्यांनी गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी त्याचा जाब १६६१ मध्ये राजापुरातच विचारला: वखार लुटली गेली आणि तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैदेत पडले. पन्हाळ्यावर घडलेल्या गोष्टीचा हिशेब बंदरात चुकता झाला, हे त्या काळच्या कोणालाही विचित्र वाटले नसेल. (शालेय पुस्तकांत पन्हाळा एका पाठात आणि राजापूर दुसऱ्या पाठात येते, त्यामुळे हा दुवा विद्यार्थ्यांच्या हातून निसटतो.)

राजकीय नकाशाही याच रीतीने तुटक राहिला. चौलवर निजामशाहीचा आणि दाभोळपासून खालच्या बंदरांवर आदिलशाहीचा अंमल होता. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली, आणि वसईपासून चौलपर्यंतच्या आपल्या ठाण्यांना ते ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत, कारण त्यांची राजधानी दक्षिणेला गोव्यात होती. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा हा प्रांत संपला. जंजिऱ्याचा सिद्दी मात्र मराठे आणि इंग्रज या दोघांच्याही काळात टिकून राहिला. त्याचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. कंपनी सरकारनेही सबंध कोकणाचा एक जिल्हा केला नाही. दक्षिण कोकणाचे ठाणे आधी बाणकोटला होते, ते १८२२ मध्ये रत्नागिरीस आले. तेथून पुढे सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, रत्नागिरी हेच दक्षिण कोकणाचे मुख्य ठाणे राहिले.

मग ‘आम्ही कोकणातले’ ही भावना आली कोठून? माझ्या मते तिचा मोठा भाग मुंबईत तयार झाला, आणि त्याला रेल्वे व गिरणी कारणीभूत आहेत. बोरघाटातून १८६३ मध्ये आगगाडी धावू लागली आणि देशावरचा माल हळूहळू बंदरांऐवजी स्टेशनांकडे वळला. मिरजेहून कोल्हापूरला १८९१ मध्ये गाडी आली. आपण जेथून पत्र लिहिता ती शाहूपुरीची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविली, आणि तेथील गुळाला मुंबईचा रस्ता रुळांवरून मिळाला. बैलांचे तांडे कमी झाले तशी राजापूर आणि खारेपाटण यांसारखी खाडीच्या माथ्यावरची बंदरे ओस पडू लागली; त्यांत गाळही साचत होता. किनाऱ्याने जाणाऱ्या बोटींनी त्याच सुमारास रत्नागिरीचा माणूस मुंबईस नेऊन सोडला.

तो गेला याचे दुसरे कारण जमीन. घाटावर रयत सरकारात थेट सारा भरत होती, तर कोकणात मोठ्या भागात मध्ये खोत, म्हणजे सारा वसूल करणारा वतनदार होता आणि कुळाच्या हाती वरकस म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीतील नाचणी-वरीखेरीज फार थोडे उरत असे. अलिबागजवळच्या चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षे जमीन कसण्याचे नाकारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तरी प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. दरम्यान मुंबईच्या गिरण्यांत सर्वाधिक मजूर पुरविणारा जिल्हा म्हणून रत्नागिरीची ओळख झाली होती. दापोलीचा, संगमेश्वरचा आणि मालवणचा माणूस गावी एकमेकांना कधी भेटला नसता; लालबाग-परळच्या चाळीत ते एका जिन्यावर आले, मनीऑर्डरी एकाच पोस्टातून करू लागले आणि गणपती व शिमग्याला एकाच बोटीने चाकरमानी म्हणून उतरू लागले. बोली मात्र आजही खाडीगणिक बदलते: उत्तरेस वाडवळी आणि आगरी, मग बाणकोटी, संगमेश्वरी आणि तळात मालवणी. उत्तर-दक्षिण सलग रेल्वे तर १९९८ मध्ये झाली, आणि वैभववाडी ते कोल्हापूर हा आडवा मार्ग अजून कागदावरच आहे.

प्रश्न : कोल्हापूर संस्थानाला स्वतःचे बंदर होते असे ऐकले. ते कोणते?
– एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : मालवण. तेथील सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. सातारा आणि करवीर (म्हणजे कोल्हापूर) यांच्यात १७३१ मध्ये वारणेचा तह झाला तेव्हा साळशीपासून अंकोल्यापर्यंतचे दक्षिण कोकण करवीरकरांच्या वाट्यास लिहून दिले गेले. लिहून दिले असे मुद्दाम म्हणतो, कारण त्या पट्ट्यात सावंतवाडीचे सावंत आणि गोव्याचे पोर्तुगीज ठाण मांडून होते आणि कोणीही कागद पाहून उठून जाणार नव्हता. सिंधुदुर्ग मात्र करवीरकरांनी राखला. इंग्रजांनी तो १७६५ मध्ये घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस असे ठेवले, पण लगेच तो परत करावा लागला. शेवटी १८१२ च्या तहाने मालवण बंदर आणि किल्ला दोन्ही इंग्रजांकडे गेले. त्यांची खरी चिंता मालवणच्या आरमाराची होती. त्याला ते चाचेगिरी म्हणत, आणि आपल्या परवान्याशिवाय फिरणाऱ्या प्रत्येक मराठी गलबताला हाच शब्द लावण्याची त्यांची पद्धत होती. किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर छत्रपती राजारामांनी बांधल्याचे सांगतात. त्यातील महाराजांची मूर्ती आपल्या ओळखीच्या चित्रांसारखी नाही, तिला दाढी नाही.

प्रश्न : किनारा आणि लोक सारखे असताना गोवा महाराष्ट्रात का आला नाही?
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : लोकांनी मत देऊन तसे ठरविले म्हणून. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याचे दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. सासष्टीसारखे तालुके सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अमलाखाली होते, तर पेडणे, सत्तरी, डिचोली हा भाग अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेला. नंतर गेलेल्या या भागात विलीनीकरणाचे बळ जास्त होते आणि सासष्टीत विरोध कडवा होता. धर्म आणि भाषा ही कारणे सर्वजण सांगतात व ती खरीच आहेत, परंतु कोणता तालुका कोणत्या सत्तेखाली किती काळ राहिला हेही त्यांच्याइतकेच महत्त्वाचे मानावे लागते. घटक राज्याचा दर्जा गोव्याला ३० मे १९८७ रोजी मिळाला.

जुन्या सत्तांच्या सीमा आजच्या नकाशावर कशा उरल्या आहेत ते पाहायचे असेल, तर आरोंद्याच्या बाजूने तेरेखोल नदीच्या मुखाशी जावे. नदीच्या उत्तर काठावरचा तेरेखोलचा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये सावंतांकडून घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेची आजूबाजूची जमीन सिंधुदुर्ग जिल्ह्याची असूनही तो आजही गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडतो.