मीटरची काच धुरकट: पॉलिश पेपर घेण्याआधी ओलं बोट फिरवा

तुमचा प्रश्न असा: जुन्या गाडीच्या मीटरवरची काच पांढुरकी झालीय, रात्री दिवे लागले की त्यावर कोळ्याचं जाळं दिसतं, आणि काच पुसायचा स्प्रे मारूनही फरक नाही.

पहिलं म्हणजे तो स्प्रे बंद करा. आपण ‘काच’ म्हणतो ते बहुतेक गाड्यांत ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक असतं. स्पिरिट, थिनर, पेट्रोल किंवा अमोनियावाले क्लीनर लागले की त्यात केसासारख्या भेगा पडतात. या भेगा आत उतरलेल्या असतात, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाहीत.

म्हणून आधी निदान. ओलं बोट काचेवर फिरवा. पाणी असेपर्यंत तेवढा भाग स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर ते वरचे ओरखडे आहेत; पाणी त्यांत भरतं म्हणून ते दिसेनासे होतात. हे पॉलिशने निघतं. ओलं असतानाही जाळं तसंच दिसलं तर एकतर भेगा आहेत, नाहीतर काचेच्या आतून थर बसलाय. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ आतून चिकट पडद्यासारखी बसते. तिला साबणाचं पाणी पुरतं, पण काच काढावी लागते.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. एअरबॅगची गाडी असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मीटर बाहेर असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहू शकतो. स्टिअरिंग खाली करा, चौकटीचे स्क्रू काढा, मीटर पुढे ओढा. मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत मागे स्पीडोमीटरची केबल असते, तिची क्लिप दाबल्याशिवाय ओढलंत तर क्लिपच तुटते. काच सहसा कडेच्या खाचांत अडकवलेली असते. काट्यांना बोट लावायचं नाही. काटा दांड्यावर जरासा जरी सरकला तरी वेग चुकीचा दाखवतो.

सुटलेली काच कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून हाताने धुवा. आधी कपडा नको, कारण कोरडी धूळ कपड्याखाली घासली जाते. रोज सुक्या फडक्याने पुसल्यामुळेच बरेच ओरखडे पडतात.

बारीक ओरखड्यांना नुसतं प्लॅस्टिक पॉलिश पुरतं. नखाला लागणारा ओरखडा असेल तरच वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर: २००० नंबर, मग त्याहून बारीक ३०००. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवायचा, त्या पाण्यातही साबणाचा थेंब टाकायचा. २००० आडवा फिरवला तर ३००० उभा फिरवा. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण जाईपर्यंत पुढचा टप्पा नाही. इथे घाई केली तर दिवसा काच झकास दिसते आणि रात्री दिवे लागले की सगळ्या रेघा उजळतात. मग वाटाण्याएवढं पॉलिश, स्वच्छ मायक्रोफायबर, हलका दाब. ड्रिलला पॅड लावणार असाल तर अगदी सावकाश आणि एका जागी न थांबता, कारण ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि लाटा उमटतात.

टूथपेस्टचा सल्ला सगळीकडे मिळतो. पांढऱ्या पेस्टने किरकोळ रेघा जातात खऱ्या, पण तिच्या कणांची जाडी ब्रँडगणिक बदलते, त्यामुळे कोपऱ्यात करून बघितल्याशिवाय नको. हेडलाइटचं किट तर अजिबात नको: हल्लीचे हेडलाइट पॉलिकार्बोनेट या वेगळ्या प्लॅस्टिकचे असतात, आणि काही किटमधल्या द्रावकाने ॲक्रिलिक तडकतं. तुमची काच मुळातच मॅट असेल, म्हणजे तिच्यात ट्यूबलाइटचं स्पष्ट प्रतिबिंब पडत नसेल, तर फक्त धुवा. घासलेला डाग तिथे कायम चमकत राहतो.

आतल्या बाजूला काळा रंग किंवा छपाई असेल तर तिथे पॉलिश नेऊ नका. आणि काच निघतच नसेल, चिकटवलेली असेल, तर कडेला मास्किंग टेप लावून जागेवरच नुसतं पॉलिश करा. वॉटर पेपरचा राडा फटीतून आत गेला तर निघत नाही.

बसवल्यावर काटा शून्यावरून उचललेला दिसला तर घाबरू नका. कोरडं घासल्यामुळे काचेवर स्थिर वीज साठते आणि ती हलका काटा ओढते. ओलसर कपडा एकदा फिरवला की तो खाली येतो.

भेगाच निघाल्या तर भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं मीटर आणा, पण त्यातली फक्त काच घ्या. अख्खं मीटर बदललं की ओडोमीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर येतात, आणि गाडी विकताना त्याचा खुलासा देत बसावं लागतं.