"जातलंस कधी?" विचारलं म्हणून रुसू नका

पत्र आलंय डब्लिनहून. थोडं कापून देते, कारण मूळ पत्र चार पानी आहे आणि त्यातली दोन पानं नवऱ्याबद्दल आहेत, ते पुन्हा कधीतरी.

"ताई, मी मूळची पुण्याची, सासर वेंगुर्ल्याचं. मुलांच्या शाळेला जुलै-ऑगस्टात सुट्टी म्हणून आम्ही भर पावसात गावी येतो. यंदा रिक्षातून बॅगा उतरवतोय तोवर शेजारच्या काकी कुंपणापलीकडून, 'कधी इलंस? आणि जातलंस कधी?' अहो आल्या आल्या जायचं काय विचारता? नवऱ्याची मावशी माझ्या बारा वर्षांच्या मुलाला सरळ 'मेल्या' म्हणते, मुलीला 'तां' म्हणते, जणू ती वस्तू आहे. रस्त्यात जो भेटेल तो 'खंय चल्लंस?' आणि परत आल्यावर पोरं घरात 'माका नको, माका व्हया' करायला लागली तर इथल्या मराठी शाळेतल्या बाई म्हणाल्या, शुद्ध बोलायची सवय लावा. मला आधीच 'मी करेल' आणि 'पुस्तक भेटलं' ऐकलं की डोक्यात तिडीक जाते, त्यात ही भर. काय करू?"

सगळ्यात आधी काकी, कारण दरवर्षी कुणी ना कुणी या प्रश्नावर रुसतंच.

तुम्ही येता जुलैत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, म्हणजे बाजारात धड मासळी नाही, खाडीचं मिळालं तर मिळालं नाहीतर सुकट आणि सुके बांगडे. काकी तुम्हाला "जातलंस कधी" विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हा हिशोब चाललेला असतो की ही ऑगस्टात असली तर सुरमय नाहीतर पापलेट करून जेवायला बोलवू, आणि पंचवीस तारखेलाच जाणार असली तर किसमूर आणि कुळथाची पिठी यावर भागवायला लागेल, आणि मग जाताना बरोबर द्यायचं पीठ कधी दळून आणायचं, आमसुलं कुणाकडची चांगली सुकलीयत, आणि त्यात मध्येच श्रावण येतोय तो वेगळाच. एवढं सगळं त्या दोन शब्दांत असतं आणि आपण तोंड पाडून घरात जातो.

त्यात भर म्हणजे कोकणातल्या घराला परतीच्या तारखेची सवय फार जुनी. एक माणूस मुंबईत गिरणीत नाहीतर कुठल्या ऑफिसात, तो गणपतीला आणि शिमग्याला येणार ते मोजून रजा घेऊनच. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी तर सगळा भरवसा यष्टीवर, म्हणून माणूस दारात आला की परतीचं रिझर्वेशन झालं का हे विचारणं म्हणजे काळजीच होती. त्या माणसाला चाकरमानी म्हणतात, आणि या शब्दावरनंही आता कुणाकुणाला राग येतो, 2025 च्या गणपतीआधी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी वापरात चाकरमानीऐवजी कोकणवासीय म्हणा अशी सूचना केली होती. आमच्या वाडीत कुणी म्हणत नाही हो कोकणवासीय. "चाकरमानी इले" म्हटलं की कसं, बॅगा, खाऊ, चार दिवसांची गडबड सगळं डोळ्यासमोर येतं. आणि खरं सांगू का, डब्लिनहून आलात तरी तुम्ही चाकरमानीच, फक्त यष्टी लांबची.

तर पुढच्या खेपेला उत्तर द्या, "धा तारखेपर्यंत आसंय काकी, तुमच्याकडे कधी येव?" बघा काय होतं ते. आणि "खंय चल्लंस?" याचं उत्तर "हयच, वायच", म्हणजे इथेच जरा, इतकंच असतं. कुणालाही तुमचा पत्ता नको असतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा नाहीतर पोरगी थांबून इंग्लिशमध्ये अख्खा प्लॅन समजावत बसते आणि विचारणारा केव्हाच पुढे गेलेला असतो.

आता मेल्या. हा शब्द पुण्याच्या कानाला लागतो हे मला मान्य आहे, पण मावशी "मेल्या, वाळलंस किती" म्हणते तेव्हा ती शब्द ओढून म्हणते का ते ऐका. ओढलेला मेल्या म्हणजे लाडच आहेत. मावशी खरंच रागावली की मेल्या बंद होतं आणि पूर्ण नावाने हाक येते, तेव्हा मात्र मुलाने उठून जावं. मुलाला फक्त एक गोष्ट नीट समजावा, हा शब्द मोठ्याकडून धाकट्याकडे येतो, नाहीतर चुलतभाऊ-मामेभाऊ एकमेकांत वापरतात, खालून वर कधी जात नाही. पोरं ऐकतात ते उचलतात आणि मग ऑगस्टच्या शेवटी आजोबांना "काय मेल्या" म्हणतात, तेव्हा सगळे हसतात, आजोबा सोडून. "आवशीक खाव" ही आईवरची शिवी तर मुलाने उचलूच नये, ते भाऊ लोकांत चालतं पण कुठे चालतं आणि कुठे कानाखाली बसते हे कळायला तिथेच वाढावं लागतं, महिनाभराच्या सुट्टीत नाही जमत.

मुलीला "तां" म्हणतात त्याचा वस्तूशी काही संबंध नाही. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात आणि हा शब्दच नपुंसकलिंगी, मग "तां खंय गेलां?" असंच येणार. घाटावर नाही का तुम्ही "ते पोरगं", "ते लेकरू" म्हणत? तसंच. मुलगी मोठी होऊन तिचं लग्न होईपर्यंत, कधीकधी त्यानंतरही मावशीच्या तोंडी ती "तां"च राहणार आणि त्यात जो जवळचेपणा आहे तो "ती" म्हटल्यावर जातो. मुलीलाच विचारा तिला काय वाटतं, बहुतेक तिच्या लक्षातही आलं नसेल.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या मुलांच्या बाजूने आहे, आणि तुम्ही पत्रात ते लिहिलंच नाही पण मला खात्री आहे घडलं असणार. वाळलंस, फुगलंस, काळवंडलंस. आल्या आल्या अंगावरनं हात फिरवून पोराच्या शरीराचा पंचनामा करायचा ही आमच्याकडची खोड आहे, प्रेमाने असली तरी खोडच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ते वर्षभर पुरतं. इथे "त्यांची पद्धतच तशी" म्हणून मुलीला गप्प करू नका, मध्ये पडा, पण हसत पडा. "काकी, आंगाचां सोडा, शाळेचां इचारा तेका, पवण्यात नंबर इलो." काकी लगेच पोहण्यावर जातील, किनाऱ्यावरच्या माणसाला पोहण्याबद्दल बोलायला काय, दिवस पुरत नाही.

आता मराठी शाळेच्या बाई. त्यांच्यावर चिडू नका, रविवारी तासा-दीड तासात त्यांच्यासमोर एक मूल नागपूरचं, एक जळगावचं, एक वेंगुर्ल्याचं, एकाच्या घरी तर फक्त आई मराठी, त्यांना सगळ्यांना वाचता येईल असं एक मराठी धरावंच लागतं. शाळेत शाळेचं मराठी, ठीक. पण "शुद्ध" हा शब्द त्यांनी मालवणीच्या विरुद्ध बाजूला ठेवला तिथे मला अडतं. मालवणी म्हणजे मराठी बिघडून झालेली नाही, तिचं स्वतःचं माका-तुका, गेलंय-इलंय सगळं नियमाने चालतं, इतकं की जनगणनेत ती मराठीखाली न मोजता कोकणीखाली मोजतात, आता यावरून आमच्याकडे दोन कप चहा आणि एक भांडण सहज होतं ते सोडा. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले सगळ्यांनी, पण अभिजात झालेली भाषा म्हणजे फक्त पुण्यातल्या पेठेतली असं कुणी कुठे म्हटलेलं नाही.

याच विषयावर मेलबर्नहून एका बाबांचं पत्र होतं, ते इथेच घेते. त्यांचे वडील गुहागरचे. आजोबा व्हिडिओ कॉलवर नातीला गोष्ट सांगताना "मग राजाने विचारलंन", "तिने काय केलंन" असं बोलतात, नात तसंच बोलायला लागली आणि वर्गात तिला सांगितलं की शेवटचा न लावायचा नाही. का लावायचा नाही? "तू केलंस" मधला स चालतो ना, तो "तू"चा आहे. तसा "त्याने केलंन" मधला न त्याचा आहे. रत्नागिरीकडे जुन्या माणसांच्या तोंडी हा न अजून ऐकू येतो, नव्या पिढीत जातोय, आणि तुमच्या मुलीच्या तोंडी तो मेलबर्नमध्ये टिकला तर आनंद माना. वर्गात लिहिताना "केलं", आजोबांशी "केलंन". पोरांना दोन बोली सांभाळणं आपल्याला वाटतं तेवढं जड जात नाही, घरी मराठी आणि दारात इंग्लिश ती रोज करतातच की.

डब्लिनच्या ताई, आता तुमची तिडीक. "मी करेल" मलाही खुपतं, मी खोटं नाही बोलणार. "करेन" म्हणायला काय होतं? पण हे कोकणाचं देणं नाही, हे आता टीव्हीपासून कॉलेजपर्यंत सगळीकडे आहे. "माझी मदत कर" हे हिंदीवरनं, "मी त्याला मिस करते" हे इंग्लिशवरनं. "बोलला" मात्र मी सोडून दिलंय, मुंबईकडच्या निम्म्या माणसांशी भांडत कोण बसणार. मूल वाक्याच्या मधोमध असताना "करेल नाही करेन!" म्हणून तोडलंत की ते वाक्य मरतं, आणि तीन-चार वाक्यं मेली की मूल इंग्लिशवर जातं, तिकडे त्याला कुणी तोडत नाही. त्याऐवजी उत्तरात बरोबर रूप घाला. तो म्हणाला, "मी उद्या होमवर्क करेल", तुम्ही म्हणा, "बरं, तू होमवर्क कर, मी तोवर आंबोळ्या करेन." म्हटलं की लगेच सुधारणार नाही, पण कानात राहतं. आणि एका वेळी एकच खोड धरा. करेन जमलं की मग मदतीकडे वळा.

बाकी गावी जाताना मुलांच्या व्याकरणापेक्षा या दोन-तीन गोष्टी शिकवा, त्यांचा उपयोग जास्त. निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो", तिकडे "येतंय हां". म्हातारी माणसं "जातो" ऐकून खरंच दचकतात. अंधारात साप म्हणायचं नाही, "जनावर" म्हणायचं, नाहीतर आजी शिवशिव करत बसेल, आणि पावसात अंगणात जनावर निघतंच, तेव्हा आजी "जनावर" ओरडली तर गाय आली समजून बघायला जाऊ नये हेही सांगा. पाण्याच्या भांड्यापासून चादरीपर्यंत प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हटलं तर आजीला परकं वाटतं, तिथे "बरां झालां" म्हणा किंवा नुसतं हसा, थँक्यू दुकानदाराला ठेवा.

आणि "नको". पहिला नको आमच्याकडे धरतच नाहीत, तो संकोचाचा समजतात. दुसराही बहुतेक नाही. तुमचा मुलगा विनयाने "नो थँक्स" म्हणतो आणि मावशीचा डाव तोवर ताटावर आलेला असतो, भात पडतो, मग मुलगा रडवेला आणि मावशी गोंधळलेली. त्याला हात शिकवा. तळहात पालथा करून ताटावर सपाट धरायचा, डाव जवळ यायच्या आधी, आणि म्हणायचं "पुरे मावशी, पोट भरलां." सोलकढी असेल तर वाटीवर. हात उशिरा आला तर कढी हातावर, ते एकदा झालं की शिकतोच. आणि आवडलं असेल तर "वायच घाल" म्हणायला लाजू नको म्हणावं, त्या दोन शब्दांनी मावशी दुसऱ्या दिवशी परत तेच करणार.

जागा संपत आली. टोरोंटोच्या ज्या ताईंनी विचारलंय की सासूबाई गाडीला "गारी" म्हणतात ते मुलाच्या तोंडी बसेल का, त्यांना एवढंच, तुम्ही रायगडातल्या आगरी घरातल्या सून आहात, तिकडे ड चा र होतो, बसू दे तोंडी. आणि पुढची पत्रं लिहिताना नुसतं "सासर कोकणात" लिहू नका हो, गाव लिहा, निदान तालुका तरी लिहा. अलिबागला जे उत्तर देईन ते राजापूरला लागू होत नाही आणि राजापूरचं सावंतवाडीला दिलं तर सावंतवाडीची माणसं मला पत्र लिहितील, आणि त्यांची पत्रं तर सहा पानी असतात.