कोकम सरबताचा फोटो कडक उन्हात काढला तर ग्लास काळपट का दिसतो?

ऊन बहुतेक तुमच्या पाठीमागून येतंय. सरबत पारदर्शक असतं, उजेड आरपार गेला तरच त्याचा रंग खुलतो. ग्लास खिडकीशी ठेवा, ऊन ग्लासाच्या मागून, जरा बाजूने येऊ द्या. टेबलावर लालभडक सावली पडेल आणि तिच्यात उजेडाच्या रेघा. कडक उन्हाची गंमत तीच. पातळ पडदा ओढलात की गेली! तरी गडद वाटलं तर ग्लासामागे पांढरा पुठ्ठा तिरका टेकवा, ऊन त्याच्यावर पडलं पाहिजे. आणि ग्लास आधी सुती फडक्याने पुसा, अशा उन्हात बोटांचे ठसे लपत नाहीत. ग्लासावर बाहेरून थेंब टिकवायचे तर पाणी आणि ग्लिसरीन निम्मंनिम्मं करून फवारा. सोलकढीला मात्र हे मागचं ऊन निरुपयोगी, तिला बाजूचंच द्या.