तिचा शनिवार वाया गेला नाही

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळचे सांगलीचे, २२ वर्षं नैरोबीत, एका कंपनीचे हिशेब सांभाळता. मुलगी १९ वर्षांची, तिथेच जन्मली, तिथेच शिकली, गणितात पक्की. तिला पत्रकार व्हायचंय. सरकारी ओळखपत्रं, मोबाइलवरचे पैसे, लोकांची माहिती कुणाच्या हातात जाते, हे तिचे विषय. तुमचं म्हणणं, तिने पुण्याला येऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं. आणि मला विचारलंय, "हिची समजूत कशी काढायची?"

तिची समजूत मी काढणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय.

पत्रात तिच्या मार्कांबद्दल दोन ओळी आहेत आणि तुमच्या निर्धाराबद्दल दीड पान. "ॲडमिशन घेतली नाही तर फीचा एक शिलिंगही मिळणार नाही, असं बजावलंय." "तिची आई यात बोलत नाही." "पंधरा दिवस झाले, जेवताना गप्प असते." ही तीन वाक्यं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलीत, मी ती एकाखाली एक मांडून पाहिली आणि पोटात कालवलं. पैशाचा धाक दाखवून मुलीला वर्गात बसवता येतं, शिकवता येत नाही. अशी मुलं मी दरवर्षी पाहते. दुसऱ्या वर्षी चार विषय राहिलेले असतात आणि वडिलांशी बोलणं तुटलेलं असतं. फीची अट आज मागे घ्या. ती कायम ठेवून पुढची कुठलीही चर्चा होणार नाही.

आता त्या शनिवारबद्दल. "नसत्या उठाठेवी करते" याचा पुरावा म्हणून तुम्ही तो प्रसंग लिहिलाय. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना ती 'मामा' म्हणते. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. त्यांच्याबरोबर ती दवाखान्याच्या रांगेत साडेचार तास उभी राहिली. ओळख पटवायला काउंटरवरचं मशीन बाईंच्या बोटांचे ठसे घेईना, कारण धुणीभांडी करून रेषा झिजलेल्या. मुलीने बोटांना व्हॅसलीन चोळलं, ओढणीने पुसलं, पुन्हा काचेवर ठेवायला लावलं. सात वेळा. शेवटी "पुढच्या आठवड्यात या." घरी येऊन तिने वहीत लिहून काढलं: किती वाजता पोचलो, आपल्यासारखे किती जण परत गेले, काउंटरवरचा माणूस नेमकं काय म्हणाला. ती वही तुम्ही तिला न विचारता वाचलीत. ते चुकलंच. पण वाचून तुम्हाला वेळेचा अपव्यय दिसला आणि मला मात्र बातमीदार दिसली.

हेच ते काम, आणि आफ्रिकेत आज ते फार मोलाचं आहे. युगांडात ८० वर्षांवरच्या वृद्धांना महिना २५,००० युगांडी शिलिंग मिळतात, पण राष्ट्रीय ओळखपत्र नाही किंवा त्यावर जन्मसाल चुकलंय म्हणून कितीतरी म्हातारी माणसं त्यातून बाहेर राहिली. नायजेरियात २०२४ मध्ये १०० नायरा भरले की कुणाच्याही राष्ट्रीय ओळख क्रमांकाची चिठ्ठी एका संकेतस्थळावर विकत मिळत होती. असल्या गोष्टी मंत्र्यांच्या भाषणात सापडत नाहीत. कुणीतरी रांगेत उभं राहावं लागतं, कुणीतरी ते १०० नायरा भरून पाहावे लागतात.

तुमचा एक गैरसमज मात्र नीट काढायला हवा. तुम्ही लिहिता, "विषय डिजिटल आहे, तर आधी इंजिनिअर तरी होऊ दे." अहो, या विषयातल्या मोठ्या बातम्या कोडमधून निघत नाहीत. त्या टेंडरमधून, कोर्टाच्या निकालातून आणि ऑडिटच्या शेऱ्यातून निघतात. केनियाची नवी आरोग्य विमा व्यवस्था ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या संगणक यंत्रणेचा खर्च १०,४८० कोटी शिलिंग, आणि त्या यंत्रणेची मालकीच सरकारकडे नाही, हे २०२५ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने उघड केलं. तो अहवाल वाचायला इंजिनिअर लागत नाही. करारातलं मालकीचं कलम कुठे शोधायचं, पैसे कुठल्या खात्यातून कुठे गेले, हे कळणारा माणूस लागतो. २२ वर्षं तुम्ही दुसरं काय केलंत? तिला लागणारा पहिला शिक्षक घरातच बसलाय आणि तो फी बंद करायची भाषा करतोय, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

"आपण तिथे पाहुणे, त्यांच्या सरकारच्या भानगडीत कशाला पडायचं" हेही पटलं नाही. या विषयाचं एक टोक आपल्याकडेच आहे. भारतातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. इथिओपियाचं 'फायदा' ओळखपत्र ज्या मोसिप या ओळखपत्रांसाठीच्या संगणक प्रणालीवर उभं आहे, ती बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत घडली. केनियाने २०१९ मध्ये 'हुदुमा नंबा' आणला, म्हणजे सेवा क्रमांक. त्याविरुद्ध नुबियन समाजाची संघटना कोर्टात गेली. ब्रिटिशांनी सुदानातून आणलेल्या सैनिकांचे हे वंशज. अठरा वर्षं झाली की ओळखपत्रासाठी समितीपुढे उभं राहून आपण केनियाचेच आहोत हे त्यांच्या मुलांना सिद्ध करावं लागायचं. ज्याच्या हाती जुनं ओळखपत्रच पडत नाही, तो नव्या क्रमांकातूनही गळणार, ही त्यांची भीती. ३० जानेवारी २०२० च्या निकालात हायकोर्टाने डीएनए आणि घराचं जीपीएस ठिकाण गोळा करणं घटनाबाह्य ठरवलं, आणि पुरेसे नियम केल्याशिवाय योजना पुढे नेऊ नका असं बजावलं. त्या निकालात आपल्या आधार खटल्याचा विस्ताराने विचार केलाय. दोन्ही टोकं कळणारी, स्वाहिली, इंग्रजी, मराठी येणारी मुलगी या कामात पाहुणी कशी?

तुमची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. जून २०२५ मध्ये नैरोबीत एका तरुण शिक्षक-ब्लॉगरचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला, समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून अटक झाल्यावर. दक्षिण आफ्रिकेत शोधपत्रकार सॅम सोल यांचा फोन चोरून ऐकला गेला. त्यांची 'अमाभुंगाने' संस्था लढली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घटना न्यायालयाने अशा पाळतीला परवानगी देणाऱ्या कायद्यातल्या तरतुदी अपुऱ्या ठरवल्या. म्हणून तिने एकटीने, घरच्यांपासून लपवून हे करू नये. संपादक, वकील आणि वडील पाठीशी असावेत. तुम्ही दार लावलंत तर ती थांबेल असं नाही, फक्त तुम्हाला सांगायची थांबेल.

पैसा सुरुवातीला कमीच मिळेल, हेही तिला स्पष्ट सांगा. डिजिटल पब्लिक इन्फ्रास्ट्रक्चरवर, म्हणजे ओळखपत्रं, पैशांचे व्यवहार अशा सगळ्यांसाठीच्या डिजिटल यंत्रणांवर, लिहिणाऱ्या आफ्रिकी पत्रकारांसाठी घानातल्या अक्राच्या 'मीडिया फाउंडेशन फॉर वेस्ट आफ्रिका'ने फेलोशिप चालवली आहे, पण फेलोशिप म्हणजे पगार नव्हे.

अभ्यासक्रमांचं म्हणाल तर नैरोबी विद्यापीठात पत्रकारितेची पदवी आहे, पदवीनंतर तिथेच आगाखान विद्यापीठ, पुण्यात रानडे, चेन्नईत एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम. आधी कायदा किंवा अर्थशास्त्र करून आली तर मला जास्त आवडेल. तिच्याकडे केनियाचं नागरिकत्व आहे की तुमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या पासवर ती राहते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तेवढं कळवा. परदेशी म्हणून काम करायचं तर कामाचा परवाना आणि केनियाच्या मीडिया कौन्सिलची मान्यता दोन्हींचा विचार आत्ताच करावा लागेल.

वही तिला परत करा. छापायचं ठरलं तर बाईंचं नाव त्यांना विचारल्याशिवाय घालायचं नाही, हे तिला सांगा. आणि पुढच्या आठवड्यात त्या बाईंचे ठसे घेतले गेले का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला विचारा आणि मला कळवा.