हापसा: पाणी येतं, पण उशिरा

प्रश्न: वस्तीवरचा इंडिया मार्क-२ हापसा सकाळी पंधरा-सोळा वेळा हापसल्याशिवाय पाणी देत नाही. मग धार चांगली लागते. बकेट वॉशर (पिस्टनवरचे, पाणी उचलताना ते बाजूने गळू न देणारे कप) नवे घातले, तरी तेच.
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर: धार चांगली लागते, म्हणजे दोष वॉशरचा नाही. पाइपात थांबायला हवं ते पाणी रात्रीतून खाली उतरतंय. त्याला वाटा दोनच: पाइपांच्या खालच्या टोकाला असलेल्या सिलिंडरच्या तळचा फूट व्हॉल्व्ह (पाणी वर येऊ देणारी, पण खाली जाऊ न देणारी झडप), नाहीतर पाइपाला किंवा दोन पाइप जोडणाऱ्या सॉकेटला पडलेलं भोक. यातली कोणती, याचा अंदाज पाइप न उपसताही येतो.

सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी आणि पिस्टनची चाल १२५ मिमी, म्हणून एका पूर्ण हापशाला सुमारे ४०० मिली पाणी उचललं जातं. ३२ मिमी पाइपात, रॉडची जागा सोडून, मीटरमागे साधारण ९०० मिली मावतं. आता अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि रात्रभर थांबून, पाणी येईपर्यंतचे हापसे मोजा. आकडा वाढतच गेला, तर संशय फूट व्हॉल्व्हवर: रबर सीट झिजलेली, नाहीतर तिच्यात रेतीचा कण अडकलेला. आकडा दर वेळी १६ च राहिला आणि बोअरमधली पाण्याची पातळी ७ मीटरहून खोल असेल, तर पाणी भोकापर्यंत उतरून थांबतंय. १६ हापसे म्हणजे ६.४ लिटर, जवळपास ७ मीटर. पाइप तीन-तीन मीटरचे असतात. म्हणजे वरून तिसरा पाइप आणि त्याच्या वरचा जोड आधी बघा. पाइप बहुधा आट्यांपाशीच सडतो. तो बदलाच, चिंध्या गुंडाळून भागवू नका.

पाणी आणि रॉडसह एका पाइपाचं वजन १५ किलोच्या आसपास भरतं. दहा पाइप असतील तर क्लॅम्पशिवाय (पाइप खाली निसटू न देणाऱ्या पकडीशिवाय) हात लावू नका. पंचायत समितीचं हातपंप दुरुस्ती पथक बोलवा. एवढं उपसलंच आहे तर फूट व्हॉल्व्हची रबर सीटही नवी घाला. तिच्यासाठी पुन्हा सगळे पाइप काढणं परवडत नाही.

प्रश्न: पाणी लगेच येतं, पण बादली भरायला फार वेळ लागतो.

उत्तर: मिनिटाला ४० पूर्ण हापसे मारून पाणी मोजा. १५ लिटरच्या आसपास हवं. १० च्या खाली गेलं तर बकेट वॉशर बदला. मात्र सुरुवातीला धार भरपूर आणि नंतर हवा येऊन तुटत असेल, तर बोअरचंच पाणी खाली गेलंय, वॉशरने काही होणार नाही. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणी अजिबात नाही, तर रॉड तुटलाय किंवा सुटलाय.

प्रश्न: दुरुस्तीनंतर लगेच पाणी प्यावं का?

उत्तर: नाही. १५० मिमी बोअरमध्ये ३० मीटर पाणी असेल तर ते सुमारे ५३० लिटर होतं. त्याला ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर ८० ग्रॅम लागते. बादलीत कालवा, गाळ बसू द्या आणि हापशाची टाकी बसवण्याआधी वरची निवळी बोअरमध्ये ओता. पंप जोडून तोटीला वास येईपर्यंत हापसा, मग रात्रभर बंद ठेवा. सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका. ते जनावरांनाही पाजू नका. त्यानंतर नमुना तपासणीला द्या.