येणं किती, ते आधी लिहा

“मॅडम, काम चोख दिलं, माल वेळेत पोचवला, पैसे आपल्याच हक्काचे. तरी फोन लावून मागायला जीभ रेटत नाही.”

मी समुपदेशक. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान उद्योजकांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही आता पाठ झालंय: “मागितलं तर काम जाईल.” गंमत म्हणजे यातले बहुतेक जण वसुलीची तक्रार घेऊन माझ्याकडे येतच नाहीत. कुणाला झोप नसते, कुणी घरी सारखं चिडचिड करतं म्हणून बायकोने धाडलेलं असतं, कुणाला ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून कंटाळलेले डॉक्टर पाठवतात. थकलेल्या बिलांचा विषय दोन-तीन भेटींनंतर निघतो, तोही जाता जाता, दारात चपला घालताना.

त्यातल्याच एकांची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. वय पन्नाशीच्या आत. भोसरीत भाड्याचा गाळा, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं, एक जुनी लेथ, सहा कामगार. मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरांचं काम ते करून द्यायचे. गाळ्यात सगळे त्यांना शेठ म्हणत, आणि पगाराची तारीख आली की हेच शेठ मेहुण्याकडून हातउसने घेत.

मी विचारलं, “बाजारात येणं किती आहे?”

“असेल बारा-पंधरा लाख.”

“बारा की पंधरा?”

ते हसले. “लई बिलं आहेत, मॅडम. एकदा बसून बघायला पाहिजे.”

जॉबचं माप मायक्रॉनमध्ये धरणारा आणि कामगाराची अर्ध्या दिवसाची हजेरीही न चुकवणारा माणूस तीन लाखांचा फरक हसण्यावारी नेतो, तेव्हा मी कान टवकारते. शिस्त या माणसाकडे होती. एका टेबलापुरतीच ती कुठे जात होती, हे मला बघायचं होतं. म्हटलं, “पुढच्या वेळी कागद घेऊन या. आहेत तसे. लावून आणू नका.”

पुढच्या भेटीला ते पत्नीसह आले. हातात कापडदुकानाच्या दोन फुगलेल्या कॅरीबॅगा. आम्ही सतरंजीवर सगळं ओतलं. माल पोचवल्याच्या चलनांच्या गुलाबी प्रती, बिलं, पीओचे (खरेदी ऑर्डरचे) प्रिंटआउट, कुणाचं तरी रिजेक्शनचं पत्र, आणि एक लग्नपत्रिका, जिच्या पाठीवर बॉलपेनने एका पार्टचा दर ठरवलेला होता. पार्टीवार ढीग केले. वहिनी आकडे वाचत होत्या, अण्णा लिहीत होते. बेरीज आली १९ लाख ६४ हजार. अण्णांनी ती दोनदा तपासली.

तोवर वहिनींनी एक छोटा गठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. “आणि ही चलनं. यांची बिलं सापडत नाहीत.”

अण्णांनी गठ्ठा चाळला. “केलीच नाहीत यांची.”

माल गेला होता, समोरच्याची पोच होती, बिल मात्र कधी गेलंच नव्हतं. एकूण ३ लाख १२ हजार. सर्वांत जुनं चलन अकरा महिन्यांपूर्वीचं. (त्यावरच्या जीएसटीचं काय, हा प्रश्न आम्ही लगोलग त्यांच्या सीएंकडे सोपवला. तो माझा प्रांत नाही.)

या गठ्ठ्यातल्या एका पार्टीचं नाव मी आधीच्या भेटीत ऐकलं होतं. “त्याने माझे पैसे बुडवले, त्याचं तोंड आठवलं की रात्री डोळा लागत नाही,” असं अण्णा म्हणाले होते. आता ते बराच वेळ त्या चलनाकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे याने बुडवले नाहीत.”

“तुम्ही मागितलेच नाहीत ना,” वहिनी म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते लागलं.

इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते, आणि वसुलीच्या तंत्रमंत्रांवर बोलणारे ती सांगत नाहीत. विस्कटलेलं टेबल हा पुष्कळदा आळस नसतो, आडोसा असतो. आकडा नक्की ठाऊक झाला की फोन करावा लागणार. फोन करायची धास्ती आहे, म्हणून आकडा नक्की होऊ द्यायचा नाही. ताप किती आहे ते कळू नये म्हणून थर्मामीटरच कपाटामागे टाकावा, तसलाच प्रकार. अशा माणसाला नवं सॉफ्टवेअर घेऊन दिलं, तर तो त्यातही पसारा करतो. अण्णांकडे टॅली होतंच.

धास्ती कसली, हे पुढच्या भेटीत बघितलं. अण्णांना वडिलांचं बोलायचं होतं. गावात त्यांचं किराणा दुकान होतं, कुणाच्या दारात कधी पैसे मागायला गेले नाहीत, लोक देवमाणूस म्हणायचे, दुकान बसलं. मी ऐकून घेतलं, पण त्यात फार खोल गेले नाही. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. कल्पना कुठून आली यापेक्षा आज ती डोक्यात कशी फिरते, ते मी धरते.

म्हटलं, “समजा, मी तुमच्या पार्टीकडची अकाउंट्सची बाई. करा फोन.”

“नमस्कार मॅडम... ते जरा आमचं बघा ना... जमलं तर... थोडं अडचणीत आहे...”

यात रक्कम नव्हती, बिल नंबर नव्हता, तारीख नव्हती. मी म्हटलं, “बघते हं,” आणि ठेवला फोन.

मग विचारलं, “तुमचा मटेरियलवाला कसा मागतो?”

“तो? तो सरळ सांगतो. शेठ, ८२ हजार झालेत, सोमवारी पोराला पाठवतो, चेक तयार ठेवा.”

“राग येतो त्याचा?”

“राग कशाला? त्याचेच पैसे आहेत.”

“त्याच्याकडून माल घेणं बंद केलंत?”

“नाही ओ. वेळेत देतो तो माल.” एवढं बोलून ते थबकले. मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प बसता येणं हे आमच्या कामातलं अर्धं कौशल्य आहे. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “मी त्याला वेगळा नियम लावतो आणि मला वेगळा.”

मग आम्ही एक वाक्य वेगळं काढलं. ‘गिऱ्हाईक तुटू नये असं मला वाटतं’ ही रास्त इच्छा. ‘गिऱ्हाईक तुटताच कामा नये, तुटलं तर मी संपलो’ हा हट्ट. इच्छा धरून फोन करता येतो. हट्ट धरला की एक तर फोन होत नाही, नाहीतर रात्री दहाला रागाच्या भरात होतो, आणि मग खरंच तुटतं.

इथून पुढचं काम कागदाचं होतं. हे मी सगळ्यांनाच सांगते. माल गाळ्याबाहेर पडला की त्याच दिवशी बिल. एकच बॉक्स फाइल, तिच्यात बिल न झालेली चलनं; संध्याकाळी ती रिकामी दिसली पाहिजे. येण्याची यादी एकच, आणि ती वयानुसार: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ४५, ४६ ते ९०, त्यापुढची. टॅलीत ही यादी निघते, पण पैसे आल्यावर एंट्री बिलवार केली असेल तरच. कुठल्याच बिलाशी न जोडता नुसतं ‘ऑन अकाउंट’ टाकत गेलात, तर कुठलं बिल उघडं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

फोनसाठी आठवड्यात एक ठरलेला तास ठेवा, सकाळचा. पहिला फोन पैशांचा नसतोच. बिल गेल्यावर आठवड्याने विचारायचं, “बिल पोचलं का? जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची तुमच्याकडची नोंद, झाली का? काही रिजेक्शन आहे का?” दोन महिन्यांनी ऐकायला मिळणाऱ्या सबबींपैकी निम्म्या इथेच मरतात. मुदत उलटल्यावरचा फोन तीन गोष्टींचा: बिल नंबर, रक्कम, आणि “कुठल्या तारखेला मिळतील?” एवढं विचारून थांबायचं. आपणच “नाहीतर पुढच्या महिन्यात द्या” म्हणायचं नाही. ही खोड मी पुष्कळांत बघते. मिळालेली तारीख यादीत लिहा आणि लगेच व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर कळवा. “साहेब सुट्टीवर आहेत” असं उत्तर आलं, तर साहेब कधी येणार ती तारीख घ्या.

कायद्याचा आधारही ठाऊक हवा, रोज दाखवायला नव्हे, पाठ ताठ राहायला. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पीओवर ९० दिवस छापलेलं असलं तरी. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. शिवाय १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराने घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. म्हणून उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून ठेवा आणि तो नंबर बिलावर छापा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनी मात्र ४५ दिवसांच्या भरवशावर राहू नये. त्यांची उद्यम नोंदणी झाली तरी तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता आहे.

आणि दरवर्षी मार्चअखेर पार्टीकडून बाकी कबूल असल्याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. विकलेल्या मालाच्या किंवा केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपण्याआधी लेखी कबुली मिळाली, की तिथून पुन्हा तीन वर्षं मोजली जातात. अण्णांना हे पत्र मागायचाही संकोच होता. “अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल.” मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर हेच पत्र मागतात, असं सीएंनी सांगितल्यावर ते सुटलं.

पहिल्या बुधवारी त्यांनी यादीतल्या सगळ्यांत सोप्या पार्टीला फोन लावला, माझ्या सांगण्यावरून. अवघड पार्टीपासून सुरुवात करणारे पहिल्याच नकाराला वही मिटतात. पलीकडून उत्तर आलं, “अहो, तुमचं बिलच नाही आमच्याकडे. पाठवा, १५ तारखेच्या लॉटमध्ये घेतो.” १५ ला नाही, २२ ला पैसे आले. सहा महिन्यांत १९ लाखांपैकी बरेचसे मोकळे झाले, आणि पगारासाठी मेहुण्याला फोन करणं थांबलं. एक कंपनी आधीच बंद पडली होती, तिचे ६० हजार अण्णांनी सीएंशी बोलून बुडीत म्हणून सोडून दिले. यादीत त्या ओळीवर रेघ मारताना फार त्रास झाला नाही, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

एक गिऱ्हाईक तुटलं, तेही खरं. १ लाख १० हजारांचं येणं, तीनदा तारीख देऊन पाळली नाही, चौथ्यांदा म्हणाला, “एवढी घाई असेल तर दुसरीकडे बघा.” जुने अण्णा इथे माफी मागून मोकळे झाले असते. या वेळी त्यांनी त्याचं नवं काम थांबवलं, व्याजासह मागणीचं पत्र पाठवलं आणि थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज केला. निकाल अजून लागलेला नाही, त्याला वेळ लागतो हे त्यांना मी आणि सीएंनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या कामात अडकलेलं मशीन तीन आठवडे रिकामं होतं. आता तिथे दुसऱ्या पार्टीचे बुश चालतात, दर थोडा कमी, पैसे ३० दिवसांत.